अख्तरबानूंना दिलेला होकार

मंगळवार, ४ नोव्हेंबर

खिडकीजवळच्या खाटेवर नवीन बाई आल्या आहेत. अख्तरबानू. कसबा पेठेतल्या. मी नाव सांगायच्या आधीच त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "ब्लाऊज कोणी शिवलंय?"

सांगितलं, कोथरूडला, आमच्या सोसायटीच्या खालीच एक जण आहे.

"त्याला म्हणावं, माणसाला हात दोन असतात. बाह्या दोन्ही सारख्या लागतात."

आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं! आयुष्यभर त्यांनी पेठेतल्या बायकांचे ब्लाऊज शिवले, फॉल लावले, पिको केले. आता सुई धरवत नाही. पोट फुगलंय, हातापायांच्या काड्या. चैताली, आमची समन्वयक, बाहेर आल्यावर म्हणाली — कॅन्सर, यकृतात पसरलाय. रुग्णालयानं उपचार थांबवून इकडे, आमच्या शुश्रूषा केंद्रात पाठवलं. फार दिवस नाहीत.

पण बाईंना हे सांगितलेलं नाही. नवऱ्यानं सांगितलंय, इथं अंगात ताकद भरायला आणलंय, मग पुन्हा उपचार सुरू. नवरा म्हणजे दादामियाँ. शिलाई मशिनं दुरुस्त करतात. व्हरांड्यात मला गाठून हात जोडले. "ताई, तिला काही कळता कामा नये. कळलं तर त्याच दिवशी हाय खाईल."

निम्म्या खाटांच्या नातेवाइकांचं हेच म्हणणं असतं. चैतालीचा नियम ठरलेला — स्वयंसेवकानं खोटं बोलायचं नाही. खरं सांगायचा अधिकारही आपला नाही, तो डॉक्टरांचा. रुग्णानं विचारलं तर 'तुम्हाला काय वाटतं?' म्हणायचं, आणि ऐकायचं.

ऐकायला सोपं आहे.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

चैतालीनं काम दिलं. नवीन स्वयंसेवकांची तुकडी येतेय. त्यांच्यासाठी एक पान — 'स्वयंसेवक कसा असावा, त्याची जबाबदारी काय.' १९ तारखेपर्यंत. "तुम्ही वर्तमानपत्रातल्या, तुम्हाला काय अवघड!" खरंच अवघड नाही. आगीच्या बातम्या दहा मिनिटांत बसवल्यात मी. एक पान म्हणजे काय!

अख्तरबानूंचे केस विंचरले. विरळ झालेत, पण वेणी घालूनच पाहिजे. मुलगी तिथंच होती, शाइस्ता. वकिलीचं शेवटचं वर्ष. तिचं लग्न ठरलंय, मे महिन्यात. मुलगा फैज, दादामियाँच्या मित्राचा, नाशिकला बँकेत. अख्तरबानू म्हणाल्या, "मुलगा चांगला आहे. हसतो फार. बँकेत एवढं हसण्यासारखं काय असतं कोण जाणे."

शाइस्ता हसली नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज बोलणं नाही. दुखत होतं. सिस्टरनी मॉर्फिन वाढवलं. मी नुसती बसून होते. त्यांनी माझं बोट धरलं होतं, गुंगीत पकड सैल झाली तरी मी हात काढला नाही. मुंग्या आल्या.

पानासाठी सुचलं — 'काही न करता बसता येणं.' बरं आहे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज तरतरीत होत्या. चहा मागून घेतला, दोन घोट प्यायल्या, "हा चहा आहे की चहाची आठवण?" म्हणाल्या. दादामियाँ नमाज आटोपून आले, स्टुलावर बसले. मी पायाला तेल लावत होते.

एकदम अख्तरबानूंनी विचारलं, "ताई, मे महिन्यापर्यंत मी हिंडायला-फिरायला लागेन ना?"

मी वर पाहिलं. दादामियाँ माझ्याकडेच बघत होते. त्या नजरेत सगळं होतं — हात जोडणं, तो व्हरांडा, सगळं.

"तुम्ही पेपरात होतात," अख्तरबानू म्हणाल्या. "तुम्ही उगाच काही बोलणार नाही."

'तुम्हाला काय वाटतं?' हे तीन शब्द. पाठ आहेत मला. नवीन लोकांकडून मी वदवूनही घेते. आणि तोंडातून काय निघालं — "हो, लागाल की! का नाही लागणार?"

त्यांनी मान डोलावली. नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत?"

दादामियाँचे डोळे भरले. बाहेर येऊन म्हणाले, "शुक्रिया, ताई. बहोत बडा काम किया आपने." एरवी माझ्याशी मराठीच बोलतात.

बसमध्ये वाटत होतं, वाईट काय झालं? एक बाई एक दिवस खूश. घरी नवऱ्याला, श्यामसुंदरना सांगितलं. ते निवृत्तीनंतर माझी मुद्रितं तपासतात — म्हणजे माझी प्रत्येक गोष्ट. म्हणाले, "तुला विचारलं कशाला तिनं? डॉक्टर रजेवर होते?"

दुर्लक्ष केलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

पान जवळजवळ झालं. वाचून पाहिलं. छान वाटतं!

मंगळवार, १८ नोव्हेंबर

छान कसलं.

दादामियाँ फाटकातच उभे होते, माझीच वाट बघत. म्हणाले, डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की आता आठवडाभर, जास्तीत जास्त दोन. म्हणून त्यांनी ठरवलं, निकाह या शुक्रवारी उरकायचा. इथेच, केंद्राच्या दिवाणखान्यात, खाट बाहेर आणून. काझींशी बोलले. मुलाकडचे तयार. फैजनं रजा टाकली. तिच्या डोळ्यांदेखत लेकीचं लग्न — बास, अजून काही नको होतं त्यांना.

"तर ती नाही म्हणते, ताई. म्हणते, घाई कसली? मेमध्ये ठरलंय, मेमध्येच होईल. मांडवात मला मिरवायचंय, असं झोपून नाही बघायचं. ताईंनी सांगितलंय मी हिंडायला लागेन."

मी फाटकाची कडी धरून उभी.

"फैजला रजा मिळतेय म्हटलं, हॉल पुढे मिळत नाही म्हटलं. ऐकत नाही. आता खरं कारण सांगितल्याशिवाय तारीख अलीकडे कशी आणू? आणि ते कसं सांगू?"

रागावले नव्हते अजून. नुसते माझ्याकडे बघत होते, बिघाड कुठे आहे ते सापडत नसल्यासारखे.

चैतालीला सगळं सांगितलं. लपवलं नाही. तिनं पेन खाली ठेवलं. "तुम्ही हो म्हणालात?"

"हो."

"डॉक्टर बोलू शकतात. पण नवऱ्याचा नकार आहे तोवर, बाईंनी स्वतः विचारलं तरच. आणि त्या आता कशाला विचारतील, सरोजिनीताई? त्यांना उत्तर मिळालंय."

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

दादामियाँना डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. ते हलले नाहीत. सांगायचं नाही म्हणजे नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

पान दिलं नाही. नोकरीत कधी एक ओळ उशिरा गेली नाही माझी. आज चैतालीला कळवलं — अजून झालं नाही.

झालंय खरं तर. पण त्यात 'खोटा दिलासा देऊ नये' असं वाक्य आहे, आणि ते मी लिहिलंय.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आज निकाह व्हायचा होता.

ठरवून गेले होते. खरं सांगायचं नाही, पण माझा शब्द तरी मागे घ्यायचा. तेवढा माझा आहे. चैतालीला विचारलं, ती म्हणाली, "तेवढंच. एक शब्द जास्त नको."

अख्तरबानू पिवळ्या पडल्यात. डोळेसुद्धा. शाइस्ता शेजारी मोसंबं सोलत होती. मी खुर्ची जवळ ओढली. म्हटलं, "अख्तरबानू, त्या दिवशी मी मेपर्यंत हिंडायला लागाल म्हणाले. मी डॉक्टर नाही. मला त्यातलं काही कळत नाही. मी तसं बोलायला नको होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "पेपरात चूक झाली की काय करायचात?"

"दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापायचो."

"कुठे?"

"आतल्या पानावर. खाली, कोपऱ्यात."

"कोण वाचायचं ते?"

"कोणी नाही."

"मग राहू दे." डोळे मिटले. "माझं लक्ष पहिल्या पानावर आहे."

मी शाइस्ताकडे पाहिलं. वाटलं, ही तरी म्हणेल — अम्मी, ऐक ना, आत्ताच करून टाकू. पोरगी मान खाली घालून मोसंब्याचे धागे काढत बसली. रागच आला मला. आईसाठी एवढंही तोंडातून निघू नये?

मग स्वतःचा आला. ती कशाला बोलेल? तिच्या बापानं सगळ्यांची तोंडं बांधलीत. उघडं सोडलं ते फक्त माझं, आणि तेच नको तिथं चाललं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

शुद्ध येते-जाते. ओठ ओल्या कापसानं पुसले. डोळ्यांना उजेड लागत होता म्हणून पडदा ओढला.

दादामियाँ आज बोलले. व्हरांड्यात, सगळ्यांसमोर, आवाज न चढवता. "तिनं माझं नाही ऐकलं, ताई. बत्तीस साल का साथ, आणि तिनं तुमचं ऐकलं. आता लेकीला नवरी झालेली बघायची राहिली ती. तुमच्या एका शब्दापायी राहिली."

मी "मला माफ करा" म्हणाले. ते आत निघून गेले.

त्यांनीच सांगू नका म्हटलं होतं — हे माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. आज दिवसभरात माझ्याकडून बरोबर झालेली गोष्ट तेवढीच.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

सकाळी चैतालीचा फोन. गेल्या. शांत गेल्या म्हणाली.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

कसबा पेठेत जाऊन आले. जावं की नाही कळत नव्हतं, श्यामसुंदर म्हणाले, "जा. दार लावून घेतलं तर परत ये." दार कोणी लावलं नाही. बायकांमध्ये बसले. तिथं प्रत्येकीच्या अंगावर अख्तरबानूंनी शिवलेलं काही ना काही असणार असं वाटत राहिलं.

निघताना जिन्यात दादामियाँ दिसले. मी थांबले. त्यांनी मला जायला वाट दिली आणि भिंतीकडे बघत राहिले.

मंगळवार, २ डिसेंबर

चैतालीला म्हटलं, मी आता हे काम थांबवते. हे माझ्यानं व्हायचं नाही.

ती म्हणाली, "थांबा. पण पान देऊन थांबा."

बसून दिलं तिथेच. जुनं फाडलं. नवीनमध्ये गुण वगैरे नाहीत. एवढंच लिहिलं की कुणी आशेनं विचारलं तर उत्तर देण्याची फार इच्छा होते, ती इच्छा आपली असते, त्यांची नसते. आणि एका बाईंना मी काय उत्तर दिलं ते. नाव न घालता. चैतालीनं उभ्या उभ्या वाचलं, एक स्वल्पविराम काढला. "शुक्रवारी नवीन लोक येतायत. तुम्हीच वाचून दाखवा. मग थांबायचं तर थांबा."

शुक्रवार, ५ डिसेंबर

वाचलं.

बाहेर शाइस्ता उभी होती. आईची पाण्याची गादी आणि उरलेली औषधं केंद्राला द्यायला आलेली. मला बाकावर बसवलं.

"काकू, चैतालीताई म्हणाल्या तुम्ही काम सोडताय. अम्मीमुळे. म्हणून सांगते. अम्मीला सगळं माहीत होतं. इथं आल्या आल्याच तिनं मला विचारलं, आणि तिच्याशी मला खोटं बोलता येत नाही. मग मीही माझं सांगून टाकलं. मला फैजशी लग्न नव्हतं करायचं. तो चांगला आहे, पण नव्हतं करायचं. अम्मी आजारी, तिला बरं वाटेल म्हणून हो म्हटलं होतं. अम्मी म्हणाली, मग आता तुझे अब्बा निकाहाची घाई करणार, बघ. माझ्या डोळ्यांदेखत झालेलं लग्न तुला जन्मात मोडता यायचं नाही. पण ते एवढ्या हौसेनं करणार, शेवटच्या दिवसांत त्यांच्याशी भांडायचं नाही मला."

तिनं औषधांची पिशवी बाकावर ठेवली.

"मग म्हणाली, त्या पेपरवाल्या ताई भिडस्त आहेत. नाही म्हणायच्या नाहीत. शुक्रवारी तुझे अब्बा आले की त्यांच्यासमोरच विचारते."

मला हसू आलं की रडू ते सांगता येत नाही. शाइस्तानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अब्बांना मी सांगणार आहे, काकू. पण आत्ता नाही झेपायचं त्यांना. अम्मीनं आपल्याला फसवलं, असं वाटेल. तोवर ते तुमच्यावरच राग धरून बसतील. चालेल?"

दादामियाँ आठवले, जिन्यात भिंतीकडे बघणारे. किती महिने, किती वर्षं, कुणास ठाऊक. सगळं नीट डोळ्यांसमोर आणलं.

मग म्हटलं, चालेल.