आमची ही एकदम मजेत आहे

४ फेब्रुवारी
छकुलीच्या थेरपी सेंटरमध्ये नवीन सायकॉलॉजिस्ट बाई आल्यात. अपंग मुलांच्या आयांचं मानसिक आरोग्य तपासणार म्हणे. हिला बोलावलं. मीही गेलो, नवऱ्याचा सपोर्ट दिसायला हवा. बाईंनी विचारलं, झोप लागते का? म्हटलं, छान लागते. रडू येतं? म्हटलं, छे, हसतमुख आहे. ही खिडकीबाहेर बघत होती. बाईंनी मला बाहेर बसवलं. अनुभव कमी दिसतो.

७ फेब्रुवारी
बाईंचं मत: हिला विश्रांती हवी. आठवडाभर बहिणीकडे जाऊ दे. छकुलीला मी बघेन म्हटलं. नऊ वर्षांची पोर. बसता येत नाही, बोलता येत नाही. त्रास देणार कशी? मी ऑफिसात अख्खं डिपार्टमेंट सांभाळतो.

१० फेब्रुवारी, सकाळ
ही गेली. उचलायचं कसं, भरवायचं कसं, दारात उभी राहून सांगत होती. मी फोनवर होतो. कॉमन सेन्सच्या गोष्टी.

दुपार
आडवं ठेवूनच भरवलं. ठसका लागला, ओठ निळे पडले. शेजारच्या काकूंनी धावत येऊन तिला सरळ धरलं. बसवून भरवायचं असतं म्हणे. हे आधी सांगायला नको कुणी?

११ फेब्रुवारी
कंबर धरली. हिची कधी धरली नाही, म्हणजे बायकांची ठेवणच वेगळी. उद्यापासून व्यायाम. आईला बोलावलं, तिचे गुडघे दुखतात.

१२ फेब्रुवारी
हिला सहज फोन केला. ये म्हटलं नाही. पोर उपाशी आहे, एवढंच सांगितलं. संध्याकाळी आली. आईची माया.

१८ फेब्रुवारी
पुन्हा सेंटर. या वेळी हीच म्हणाली, ह्यांना बसू द्या. बाईंनी विचारलं, सगळ्यात जड काय जातं?

"छकुली नाही," ही म्हणाली. "तिला उचललं की ती माझ्या मानेशी गाल टेकवते. ह्यांचा फोन आला तेव्हा मी बहिणीच्या गच्चीवर ऊन खात बसले होते. वाटलं, उचलू नये. छकुलीला तिथेच आणवून घ्यावं आणि परत येऊच नये."

आवाज अगदी शांत. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिशातली गाडीची किल्ली चाचपली.

परतताना ही आणि छकुली मागच्या सीटवर. काहीतरी बोलायला हवं होतं. रस्ताभर शब्द जुळवत होतो. गाडी लावल्यावर तोंडून निघालं ते एवढंच, की आज जेवायला काय करणार आहेस.