बाबांच्या गुडघ्यांचा आवाज

४ ऑगस्ट, सकाळी
आज पुन्हा ऐकलं. कट्... कट्. बाबा ओसरीतून आत यायचे तेव्हा त्यांचे गुडघे असेच वाजायचे. बाबा उन्हाळ्यात गेले. मी सायन्सचा मास्तर आहे, भीत नाही. नोंद फक्त अभ्यासासाठी.

५ ऑगस्ट
वच्छलाला विचारलं, तुला येतो का आवाज? म्हणाली, येते न, पण तुमी घरात फिरता तवाच. म्हणजे बाबा माझ्या मागेच चालतात. एवढी साधी गोष्ट बायकोच्या लक्षात आली नाही.

७ ऑगस्ट
शास्त्र पाहिलं. गुडघा बिजागरीचा सांधा, दारासारखा एकाच बाजूला वळतो. खांदा आणि खुबा उखळीचे, चहूकडे फिरतात. मनगटाचे सरकते. कवटीचे तर हलतच नाहीत. सांध्यात वंगण असतं, त्यात हवेचा बुडबुडा फुटला की कट्. पण त्याला गुडघा लागतो. बाबांचे आपण वैनगंगेवर जाळून आलो. इथे शास्त्र थांबतं.
संकल्प : उद्यापासून घाबरायचं नाही. (आज घाबरलो असं नाही.)

१० ऑगस्ट
त्यांची खुर्ची उचलून न्हाणीमागे ठेवली. ठेवायला वाकलो तर कट्! लगेच परत आणली. शेजारच्या ठमाबाई बाबांचं नाव घेऊन म्हणाल्या, लटारूभाऊचा जीव पोरात अडकला असन. मी हसलो. घाम उकाड्याचा होता.

१३ ऑगस्ट
वच्छला बाजारात गेलेली. ओसरीत फेऱ्या मारत हळूच विचारलं, बाबा, बरे आहा न? कट्. हो म्हणाले. मग बराच वेळ बोललो. धान कसं आहे तेही सांगितलं.

१८ ऑगस्ट
आठवीला सांध्यांचा पाठ. बिजागरी कशी असते बघा, म्हणून वर्गासमोर उकिडवा बसलो. कट्! अख्ख्या वर्गाने ऐकलं. मी म्हटलं, घाबरू नका, ते काही करत नाहीत. पुढच्या बाकावरची खुशबू म्हणाली, सर, तुमचा गुडघा वाजला. उठता येईना. तिने आणि रीनाने बखोट धरून उभं केलं.

१९ ऑगस्ट
डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. हाडांमधली गादी झिजली. घरात कोणाले होतं का, विचारलं. वडिलांना, म्हटलं. मग बरोबर आहे, म्हणाले. पट्टा बांधला. सध्या चालणं बंद.

२१ ऑगस्ट, दुपारी
पलंगावरच आहे. घर एकदम चूप, एकही कट् नाही. बाबा गेल्यापासून आज पहिल्यांदा रडलो. वच्छला धावत आली, काऊन रडता म्हणून. गुडघा दुखून राह्यला, म्हटलं.