तुडतुडी आहे की नाही

सोमवार, ४ नोव्हेंबर

आज लॅबमध्ये तुडतुडीच्या हातची कवळी आली! दुरुस्तीला. डबी उघडली आणि बघतच राहिले. हातातलं मेण गार होऊन गेलं.

वरचे पुढचे दोन दात. एक किंचित पुढे, दुसरा जरासा कलता. आम्ही दोघी एकाच बाकावर बसून कवळ्या करायला शिकलो, तेव्हा ती सरांशी यावरून भांडायची — "सर, एका ओळीत लावले की दात खोटे दिसतात. माणूस हसला की लोकांना कळतं." सर ओरडायचे, ही ऐकायची नाही. एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ! म्हणून तुडतुडी. आणि मी सगळ्यात हळू, म्हणून तिने माझं नाव गोगलगाय पाडलं.

कवळीवाले आजोबा बाहेरच बसले होते. कुणी केली म्हणून विचारलं. "आमच्या तिकडच्या लॅबवाल्या बाईंनी. मी आता मुलाकडे राहायला आलो ना इकडे. फार चांगल्या होत्या हो."

होत्या?

"वारल्या असं ऐकलं. लॅबला कुलूपच आहे."

किती सहज बोलले! मी आत येऊन तडा भरला, पॉलिश केलं. मग उगाचच परत एकदा पॉलिश केलं.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

ताईला सांगितलं. ती चहा गाळत होती, मध्येच थांबली. "कोण म्हणालं?"

आजोबांचं सांगितलं. "मग झालं तर. गेली बिचारी. तू कशाला जिवाला लावून घेतेस?"

"खात्री नाही गं अजून."

"आणि खात्री करून काय तिला परत आणणार आहेस?"

ताई अशीच. आई गेली तेव्हापासून हिनेच मला वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही, माझंही राहून गेलं. आता दोघी म्हाताऱ्या व्हायला आलो, तरी मी बाहेर पडताना "रुमाल घेतलास का?" चालूच!

खरं तर मला आनंद व्हायला हवा, मेली असेल तर. आमचं शिकणं संपलं त्या वर्षी मी तापाने हॉस्पिटलात पडले होते. जगते की मरते अशी गत. दोघींनी मिळून दुसऱ्या गावी लॅब काढायची ठरवली होती, जागासुद्धा बघून ठेवली होती. आणि ही बया एकदाही बघायला आली नाही! बरी होत आले तेव्हा अंथरुणावरूनच पत्र लिहिलं, ताईने टाकलं. उत्तर नाही. एकटीच गेली निघून. इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्यात तिला.

मेली असेल तर आता भांडू कुणाशी? मला एकदाच विचारायचं आहे — का आली नाहीस? एवढंच.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

आजोबांकडून त्यांच्या तिकडच्या दातांच्या डॉक्टरांचा नंबर मिळवला. डॉक्टर भले आहेत, पण तुटक बोलतात. "बाईंचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. मग लॅब बंद केली. पुढचं मला माहीत नाही." वारल्या का? "तसं मीही ऐकलंय. पण ऐकीव." भाची सांभाळायची म्हणे तिला. तिचा नंबर पाठवतो म्हणाले.

पाठवला. संध्याकाळभर नुसता बघत बसले त्या आकड्यांकडे. लावायचा धीर होईना.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

लावला! तरुण आवाज. मी नाव सांगितलं. म्हटलं, तुझ्या मावशीची जुनी मैत्रीण. म्हटलं, नावावरून लक्षात येत नसेल तर गोगलगाय म्हण.

मागे भांड्यांचा आवाज येत होता, तो एकदम थांबला.

"कोण बोलतंय?" इतका थंड आवाज! "अशी चेष्टा करायची नसते, बाई. लाज वाटायला हवी तुम्हाला."

कट.

मी काय वाईट बोलले? परत लावला, उचलला नाही. माणूस घरात धडधाकट असेल तर कुणी असं बोलतं का? म्हणजे गेलीच असणार. देवा!

शनिवार, ९ नोव्हेंबर

दिवसभर फोन लावतेय. नुसती रिंग.

रविवार, १० नोव्हेंबर

भाचीला मेसेज केला. "मला काही नको. फक्त सांग, मावशी आहे की नाही?" वाचला तिने. उत्तर नाही.

दुपारी फोन सापडेना. सगळं घर पालथं घातलं. शेवटी स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे मिळाला, बंद केलेला. ताई म्हणते, "सारखा चार्जिंगला लावू नये, बॅटरी फुगते. टीव्हीवर दाखवलं." डब्यांच्या मागे फुगत नाही वाटतं!

मग जवळ येऊन माझे केस सारखे केले. "चेहरा बघ कसा झालाय. माझ्यापाशी आहेस ना? काय कमी आहे तुला?" मायेनेच म्हणाली. तरी अंगावर काटा आला. का कुणास ठाऊक.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

ठरवलं. शनिवारी स्वतः तिकडे जाणार. मेली असेल तर मेली, पण कुणीतरी माझ्या तोंडावर सांगू दे.

ताईला सांगितलं तर लगेच छातीत धडधडायला लागलं, आडवीच झाली. "मला अशी टाकून जाणार?" अगं, एका दिवसाचा प्रश्न! डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तपासलं, म्हणाले, "यांचं ब्लडप्रेशर माझ्यापेक्षा चांगलं आहे." ताई डॉक्टरांवरच चिडली. एरवी पोट धरून हसले असते मी.

बुधवार, १३ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत भाचीचा मेसेज. "तुमचा फोटो पाठवा. आत्ताचा."

हे काय नवीन? भीतीच वाटली. तरी पाठवला. ॲप्रनवर प्लास्टर, केसांत प्लास्टर, होते तशी.

लगेच फोन वाजला. पलीकडे नुसता श्वास. मग —

"गोगलगाय?"

तुडतुडी! आवाज पार बसलाय, पण तीच! जिवंत आहे! मी बाकाला धरून खालीच बसले. तोंडातून पहिलं काय निघालं? "मेले, बघायला का नाही आलीस मला?"

ती रडत होती. "कशी येऊ गं? तू गेली होतीस ना?"

मी?

तेव्हा तिने आमच्या घरी फोन केला होता म्हणे. पलीकडून तिला सांगितलं, काल गेली, सगळं उरकलं, आता येऊ नकोस. तिच्या भिंतीवर माझा फोटो आहे. भाची लहानपणापासून माझ्या गोष्टी ऐकत आलीय. म्हणून तर ती तशी भडकली.

"कुणी सांगितलं तुला?" मी विचारलं.

तुडतुडी हळूच म्हणाली, "तुमच्याकडे फोन कोण उचलायचं?"

गुरुवार, १४ नोव्हेंबर

ताईला विचारलं. नाकारलं नाही तिने. मटार सोलत होती, मान वर केली नाही. "डॉक्टर म्हणाले होते, तू रात्र काढत नाहीस. मी एक दिवस आधी सांगितलं, इतकंच."

"आणि मी वाचले, तेव्हा?"

ती सोलतच राहिली.

"तेव्हा बरं वाटलं मला. तुला न्यायला आता कुणी येणार नव्हतं."