कुकरच्या विश्रांतीचा परिणाम

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
सकाळी कॉलेज. दोन लेक्चर, एक प्रॅक्टिकल. दुपारी कँटीनमध्ये इडली. संध्याकाळी कॉलेजच्या बसने घराजवळ, बेव्हर्ली पार्कला उतरलो. घरी दूध-पोहे.

क्षितिजाचा नाशिकहून फोन. विषय नेहमीचा. बाबा, घर भाड्याने दे आणि माझ्याकडे राहायला ये. मी म्हटलं, माझं इथे उत्तम चाललंय. म्हणाली, उत्तम म्हणजे आज काय खाल्लंस? पोहे. आणि काल? कालही पोहेच, पण ते जाड होते. मग तिने अट घातली. आईच्या वर्षश्राद्धाला जानेवारीत ती येईल. तेव्हा मी स्वतः शिजवलेला वरण-भात तिला वाढायचा. खाण्यासारखा झाला तर नाशिकचा विषय ती परत काढणार नाही. नाही झाला तर मी बॅग भरायची.

मान्य केलं. माझी निम्मी हयात इंजिनिअरिंगच्या मुलांना थर्मोडायनॅमिक्स शिकवण्यात गेली. वरण-भात म्हणजे पाणी, डाळ, तांदूळ आणि उष्णता. चौथं काही नाही. (डाळ आणि तांदूळ एकच धरले.)

ही रोजनिशी त्या कामापुरती. क्षितिजाच्या आईविषयी, सुचेताविषयी, यात लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

६ नोव्हेंबर
प्रिन्सिपॉलचं सर्क्युलर. डिसेंबरात आपल्या कॉलेजात राष्ट्रीय परिषद. फिजिक्स, इंजिनिअरिंग, अर्थशास्त्र आणि शिक्षण, या चारही विषयांना स्पर्श करणाऱ्या पेपरला प्राधान्य. स्टाफरूममध्ये सगळे हसले. असा विषय जगात असतो का, असं कोणीतरी म्हणालं.

मी हसलो नाही. बसमध्ये चेणे गावाच्या वळणावर सुचलं. प्रेशर कुकर. वाफ म्हणजे फिजिक्स, झडप म्हणजे इंजिनिअरिंग, गॅस म्हणजे अर्थशास्त्र. शिक्षण सापडेल.

९ नोव्हेंबर, रविवार
प्राथमिक सर्वेक्षण. प्रश्न एकच: डाळीला शिट्ट्या किती?

क्षितिजा म्हणाली, तीन. खालच्या मजल्यावरच्या हेमालीबेन म्हणाल्या, आत्मारामभाई, चार, पर मेरे कुकर की चार, आपके की नहीं मालूम. इकॉनॉमिक्सच्या परागने बायकोला विचारून सांगितलं, होईपर्यंत.

ज्या देशात मीटर आणि किलोग्रॅम ठरलेले आहेत तिथे शिट्टीच्या बाबतीत ही अनागोंदी. कोणीतरी प्रमाणीकरण करायलाच हवं होतं. ते माझ्या वाट्याला आलं.

१० नोव्हेंबर, सकाळी
पहिला प्रयोग. कुकर सुचेताचाच, फडताळात होता. डाळ धुऊन लावली, झाकण लावलं, गॅस मोठा केला आणि हॉलमध्ये येऊन मोबाईलवर स्टॉपवॉच सुरू केलं. निरीक्षकाने उपकरणाजवळ उभं राहू नये, त्याच्या अंगाच्या उष्णतेचा परिणाम होतो. शिवाय स्वयंपाकघरात मला फारसं थांबवत नाही. तिथे उकडतं.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते. त्यामुळे आवाज घुमून हॉलपर्यंत स्पष्ट येतो. ही नैसर्गिक सोय.

शिट्ट्या अतिशय सुंदर. अंतर जवळपास सारखं. चौथीनंतर गॅस बंद केला.

डाळ जरा कणखर राहिली. ओट्यावर थोडं पाणी सांडलं होतं. कुकरला घाम येतो, हे नोंदवलं.

१४ नोव्हेंबर
विलक्षण निरीक्षण. आज गॅस पेटवण्याआधीच एक शिट्टी झाली. मी लायटर शोधत होतो. धातूत कालची उष्णता शिल्लक राहिली असावी. गॅस बंद केल्यावरही दोन झाल्या. म्हणजे कुकरला स्मृती आहे.

डाळ अजून कणखर. डाळीतच दोष आहे. बाजारात जुना माल येतोय, हा अर्थशास्त्राचा भाग.

१९ नोव्हेंबर
शिट्ट्या चारवरून पाचवर नेल्या. फरक नाही. सहा. डाळ चमच्याखाली पळते. चावून खाल्ली. पोषणमूल्य टिकतं.

हेमालीबेन थेपले घेऊन वर आल्या. म्हणाल्या, भाई, आप के घर से खाने की खुशबू क्यों नहीं आती? मी म्हटलं, संशोधन चालू आहे, थेपल्यांमुळे निष्कर्षात गडबड होईल. म्हणाल्या, थेपले से किसी का गडबड नहीं होता, और डब्बा वापस करने की जल्दी नहीं. ठेवून गेल्या.

थेपले खाल्ले. निष्कर्षात धरले नाहीत.

पट्ट्याला नवीन भोक पाडलं. चामडं वापरून सैल पडतं.

२४ नोव्हेंबर
परागला पेपरात घेतलं. अर्थशास्त्राची बाजू तो लिहील. एका शिट्टीमागे किती गॅस लागतो, त्यावरून देशाची बचत. तो म्हणाला, सर, तुमचा डेटा फारच स्वच्छ आहे, एवढा स्वच्छ डेटा मी फक्त बनवलेल्या डेटात पाहिलाय. मी म्हटलं, मी रोज सकाळी स्वतः ऐकतो. तो म्हणाला, नाही सर, मी कौतुकच करतोय.

शिक्षणाचं कलम मी लिहिलं: शाळेच्या पाचवीपासून शिट्टी हे एकक शिकवावं.

साहित्याचा आढावा अडला आहे. टीव्ही चालू असायचा, डक्टमध्ये सगळ्या मजल्यांचे कुकर एकदम बोलत असायचे, आणि सुचेता निवडत बसलेली भाजी बाजूला ठेवून उठायची, आपला झाला म्हणायची आणि गॅस बंद करून यायची. कसं कळायचं ते मी कधी विचारलं नाही. ही पद्धत प्रकाशित नाही, त्यामुळे संदर्भ देता येत नाही.

वगळलं.

१ डिसेंबर, सोमवार
हेमालीबेन आणि त्यांचे यजमान राजभाई भाचीच्या लग्नाला सुरतेला गेले. किल्ली माझ्याकडे, तुळशीला पाणी घालायला.

आज कुकरची एकही शिट्टी झाली नाही. दूरवरची ऐकू आली, पण ती बारीक होती, आपली नव्हे.

३ डिसेंबर
शिट्टी नाही. गॅस मोठा केला. तासभर हॉलमध्ये बसलो. शेवटी जळका वास आला. डाळ बुडाला लागली होती आणि वरून कच्ची होती. एकाच भांड्यात दोन अवस्था. लिहून ठेवलं.

खालची तुळस उत्तम.

४ डिसेंबर
उपकरण थकलं आहे. रोज वापर, विश्रांती नाही. धातूलाही थकवा येतो, मी दुसऱ्या वर्षाला शिकवतो. कुकर घासून, पुसून, पालथा घालून ठेवला. पोहे.

परागला फोन केला. तो म्हणाला, सर, मधल्या दिवसांना सरासरी टाकून द्या. मी साफ नकार दिला. माझ्या पेपरात खोटा आकडा जाणार नाही.

९ डिसेंबर
सकाळी कुकर लावला. शिट्टी. पहिल्यासारखी, किंबहुना जास्त भरदार. विश्रांतीने उपकरण ताजंतवानं झालं आहे.

हा शोध आहे. कुकरला विश्रांती दिल्यास शिट्टीचा दर्जा सुधारतो. याचा उल्लेख जगात कुठेही सापडला नाही. नाव दिलं: विश्रांती-परिणाम. परागला कळवलं. त्याने तीन अंगठे पाठवले.

हेमालीबेन काल रात्री परतल्या. किल्ली न्यायला आल्या तेव्हा सुरतेची मिठाई, घारी, दिली. डाळ अजून होत नाही, म्हणून आता सात शिट्ट्या.

२० डिसेंबर, शनिवार
परिषद. आमच्या पेपराला उत्कृष्ट पेपराचं पारितोषिक. परीक्षक म्हणाले की शिट्टी बरेचजण ऐकतात, पण तिच्याकडे लक्ष देणारे फार थोडे. विश्रांती-परिणामावर विशेष टाळ्या. एका बाईंनी विचारलं की सात शिट्ट्या जरा जास्त होत नाहीत का. मी म्हटलं, मॅडम, आपण अंदाजाने बोलता, मी मोजून बोलतो.

प्रिन्सिपॉल म्हणाले, सर, आता रिसर्च सेल तुमच्याकडे.

क्षितिजाला फोन केला. ती म्हणाली, छान बाबा, मनापासून अभिनंदन, पण वरण होतं का? मी म्हटलं, वरणाचा प्रश्न तत्त्वतः सुटला आहे.

प्रमाणपत्र दाखवायला घराचं दार उघडून आत आलो. टीव्हीवर ठेवलं.

१० जानेवारी २०२६, शनिवार
उद्या वर्षश्राद्ध. क्षितिजा दुपारी आली. म्हणाली, मी बसते, तू कर.

मी डाळ-तांदूळ लावले, गॅस मोठा केला आणि हॉलकडे निघालो. ती म्हणाली, कुठे चाललास? मी म्हटलं, निरीक्षणाला. ती ओट्यापाशीच उभी राहिली. थोड्या वेळात शिट्टी झाली. मी स्टॉपवॉच दाबलं आणि म्हटलं, एक.

ती आतून म्हणाली, बाबा, ही आपली नाही.

मी म्हटलं, कशावरून? ती म्हणाली, अरे मी समोर उभी आहे, आपल्याची शिट्टी हललीसुद्धा नाही, हेमालीमावशीचा आहे हा.

मी आत गेलो. कुकरच्या झाकणाखालून चारी बाजूंनी वाफ निघत होती. डक्टमधून दुसरी शिट्टी आली. माझी, म्हणजे त्यांची, भरदार.

क्षितिजाने गॅस बंद केला, झाकण उघडलं, आत बोट फिरवलं. बाबा, रिंग कुठे आहे? मी म्हटलं, कसली रिंग? तिने माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, तू दोन महिने रिंगशिवाय कुकर लावतोयस? आणि त्यावर बक्षीस घेतलंस? मग ती हसायला लागली, आणि हसता हसता ओट्याला टेकली. विश्रांती-परिणाम म्हणजे मावशी लग्नाला गेली होती, असं तिने मोठ्याने म्हटलं. मी म्हटलं, तो एक संभाव्य घटक आहे.

तिने फ्रीझर उघडला आणि मटारांच्या पिशवीमागून रिंग काढली, लहान प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाठ मारलेली. म्हणाली, सैल पडू नये म्हणून आई इथे ठेवायची. मग ती हसायची थांबली. गाठ तिने सोडली नाही. माझ्या हातात दिली.

मटारही तेव्हाचेच होते.

गाठ मी सोडली. रिंग बसवली. नवीन डाळ लावली. आमच्या कुकरची शिट्टी झाली तेव्हा मी दचकलो. क्षितिजा म्हणाली, तीन झाल्या की बंद कर. पण माझ्याकडे पारितोषिक मिळालेलं सूत्र होतं. सातव्या शिट्टीपर्यंत धूर येऊ लागला.

तिने ताटातलं सगळं संपवलं. पाणी पिऊन म्हणाली, बाबा, हे खाण्यासारखं नाहीये. मी म्हटलं, मग संपवलंस कशाला? म्हणाली, कोणी केलंय ते बघून.

अट ती अट. मे महिन्यात नाशिक. मी लगेच होकार दिला. नाशिक उंचावर आहे, तिथे हवेचा दाब कमी, पाणी लवकर उकळतं. तुलनात्मक अभ्यासाला योग्य जागा. ती म्हणाली, हो बाबा, अभ्यासालाच ये.

१३ जानेवारी
प्रिन्सिपॉलना भेटून सगळं सांगितलं. पेपर मागे घेतो म्हटलं. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, सर, परिषदेची पुस्तिका छापून झाली, पुढच्या महिन्यात मूल्यांकनाची कमिटी येतेय, आणि तसंही पुस्तिका कोण वाचतंय? मी म्हटलं, डेटा खालच्या बाईंचा आहे. म्हणाले, मग त्यांचे आभार माना, एका ओळीत.

पराग म्हणाला, सर, बाईंना सहलेखक करता येईल.

हेमालीबेनना जाऊन सांगितलं की दोन महिने मी त्यांचा कुकर मोजत होतो. त्या म्हणाल्या, तो भाई, पहले बोलते, मैं दो सीटी ज़्यादा मार देती.

१८ जानेवारी, रविवार
क्षितिजाला जाऊन सहा दिवस झाले. कोणाचा फोन नाही. सकाळी तुरीची डाळ भिजत घातली, कारण घरात दुसरं काही नव्हतं. पोहेही संपले आहेत.

कुकर लावला आणि स्वयंपाकघरातच उभा राहिलो. स्टॉपवॉच लावायचं लक्षात आलं नाही. खिडकीत सुचेताने लावलेली खुंटी आहे, तिच्यावर चिमटा लटकतो, तो बघत होतो. डक्टमध्ये बरेच कुकर वाजत होते. मध्येच उठून, म्हणजे उभाच होतो, पण उठल्यासारखं वाटलं, गॅस बंद केला.

किती शिट्ट्या झाल्या ते मोजलेलं नाही. वरण झालं होतं. पेपरात घालण्यासारखं यात काही नाही.

हिंग जास्त पडला. दोन वेळा वाढून घेतलं. भांडी घासली, रिंग धुतली, पुसली, पिशवीत घालून गाठ मारली आणि फ्रीझरमध्ये ठेवली.