प्रसेर्तच्या नावावर पाय

१२ सप्टें.
स्मारक समितीनं माझं डिझाइन घेतलं!! पुतळा नाही, खांब नाही. आमच्या या इंग्लिश गावातल्या नदीकाठच्या पार्कात पाथच्या दगडांवर कोरलेलं एकच लांब वाक्य. गेटपाशी पहिल्या दगडावर 'प्रसेर्त'. पुढे 'इथे शिकायला आला', मग 'महायुद्धात त्याचा थायलंड शत्रूच्या बाजूला गेला तरी हा परत गेला नाही', 'ब्रिटिश आर्मीत खंदक खणले', 'पॅराशूटनं स्वतःच्याच देशात उतरला, जपान्यांच्या पाठीमागे', आणि पार नदीपाशी, 'इथे परत येऊन आमच्या सायकली दुरुस्त केल्या'. चालाल तर वाचाल. मीटिंगमध्ये म्हटलं, वाचकाचे पाय हेच या वाक्याचे स्वल्पविराम. चेअरमन ब्रायन खूश. एम.ए. कुठेतरी कामी आलं.

१३ सप्टें.
ड्रॉइंग घेऊन नोईमावशीकडे पळत. (प्रसेर्तची मुलगी. हाय स्ट्रीटवर तिचं थाई टेकअवे, शनि-रवि मी काउंटरला.) कोथिंबीर निवडत होती. खूप वेळ बघितलं.
"हे नाव जमिनीवर आहे?"
हो ना, म्हणजे लोक चालत चालत...
"बाबांच्या नावावरून."
मी ड्रॉइंग गुंडाळायला लागले.
"केत, नाव म्हणजे डोकं. आमच्यात डोक्याला पाय लावत नाहीत."
परत कोथिंबीर. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१४ सप्टें.
आईला फोन, नागपूरला. तिनं सोलूनच काढलं. "पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करायचीस. बसमध्ये परक्या माणसाला लागला तरी करायचीस. आणि गेलेल्या माणसाचं नाव लोकांच्या बुटांखाली घातलंस? एवढी कशी गं साहेबीण झालीस?"
खरंच सुचलं नव्हतं. कॉन्सेप्ट सुचला, फॉर्म सुचला, वाचकाचं शरीर की काय ते पण सुचलं. पाय लागेल, हे नाही सुचलं. भयंकर राग येतोय. स्वतःचा.

१९ सप्टें.
ब्रायनला भेटले. म्हटलं दगड भिंतीवर लावू. तेच दगड, तेच वाक्य, फक्त उभं.
"लव्हली थॉट, केटकी. पण दगड कापून झालेत." जाड आहेत, भिंत पेलणार नाही. बरं, निदान नावाचा एक तरी उभा करा? "मग तुझं वाक्य तुटेल ना?"
मग त्यांच्या चर्चचं पुराण. फरशीखाली मोठमोठी माणसं पुरलीत, लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यावरून चालत प्रार्थनेला जातात, नावं झिजतात, आणि ते झिजणं हाच मान. खोटं बोलत नव्हता. त्याला मनापासून तसं वाटतं. म्हणूनच जास्त डोकं फिरलं.
वर माझंच वाक्य मला ऐकवलं. स्वल्पविरामाचं. पाठ झालंय त्याला! हसत हसत. साला.

२७ सप्टें.
समितीची मीटिंग. नोईमावशीला (नो.मा.) कोणी बोलावलंच नव्हतं, मी घेऊन गेले. चहा, बिस्किटं, "सो गुड टू हॅव यू". ती उभी राहिली. "बाबांना तुम्ही मान देताय, थँक यू. फक्त नाव जमिनीवरून उचला."
टाळ्या. टाळ्या वाजवल्या लोकांनी! मग व्होटिंग, आणि सगळे हात पाथच्याच बाजूनं. एक बाई माझ्या कानात: "उद्घाटनाला पहिलं पाऊल तिलाच टाकू देऊ या ना."
गाडीत माझ्या शिव्या चालू. मराठी, इंग्लिश, मिक्स.
नो.मा. म्हणाली, "सीटबेल्ट लाव."

१२ ऑक्टो.
उद्घाटन. येणार नाही म्हणाली होती. आली. सिल्कचा ड्रेस, केसांत फूल.
भाषणं झाली. सगळ्यांनी नाव चुकीचं उच्चारलं, प्रत्येकानं वेगळं. मग ब्रायन मेयरबाईंना: "प्लीज, वॉक द सेंटेन्स." बाईंनी चकाचक बूट उचलला, तेवढ्यात नो.मा. पुढे. सँडल काढल्या. नावाच्या दगडासमोर पाय मागे दुमडून बसली, हात जोडले, डोकं टेकवलं. आणि उठलीच नाही.
मेयरबाईंचा बूट हवेत.
ब्रायन वाकून, अगदी प्रेमानं: "नोई, लव्ह, पुढे सरकू या का?"
"यू गो," ती म्हणाली. "गवत मोकळंय."
मी बूट काढले, शेजारी बसले. मोजे एका मिनिटात ओलेचिंब. मेयरबाई गवतातून गेल्या. मागून सगळेच, रांग लावून, ब्रायनसुद्धा, तोंड बीटासारखं. मला हसू आवरेना.
नो.मा. माझ्याकडे न बघता: "हसू नकोस. बाबा झोपलेत."

२ नोव्हें.
रोज सकाळी जाऊन बघते. नावापाशी लोक गवतात उतरतात, पुढच्या दगडावर परत चढतात. सगळे नाही. आज एक जॉगर सरळ तुडवत गेला, मी बोंबलले, त्याच्या कानात बोळे. पण गवतात एक वाकडी वाट पडलीय. चिखलाची. अख्ख्या वाक्यातली सगळ्यात चांगली जागा, आणि ती मी लिहिलेली नाही.

५ नोव्हें.
ब्रायनचा फोन. गवताचं वाटोळं झालंय, कोणीतरी घसरेल. पाथच्या दोन्ही बाजूंना रेलिंग टाकायचं चाललंय. म्हणजे दगडावरूनच जायचं. सगळ्यांनी. "सेफ्टीसाठी, केटकी."
"आणि त्याच्या नावाची सेफ्टी?"
"लेट्स नॉट बी लाइक दॅट."
लाइक दॅट म्हणजे कसं? माणूस यांच्यासाठी विमानातून उडी मारतो, आणि यांना गवताची काळजी!
फोन आपटला. म्हणजे लाल बटण दाबलं. आपटायला काही राहिलंच नाही आजकाल.
नो.मा.ला सांगितलं. भात ढवळत होती. एवढंच विचारलं, मीटिंग कधी?
पुढच्या गुरुवारी.
"गुरुवारी दुकान बंद," म्हणाली.
गुरुवारी दुकान कधीच बंद नसतं.
जाड मोजे धुवायला टाकलेत.