विरघळणाऱ्या सुयांची तपासणी

२ एप्रिल
सोरायसिसचं इंजेक्शन बंद. कायमचं. सुईची भीती नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. मागच्या वेळी चक्कर आली ती क्लिनिकच्या बंद पंख्यामुळे.
विजय नगरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता औषधाची पट्टी निघाली आहे, अभ्यासासाठी मोजक्या पेशंटना देऊन राहिलो आहोत. तिच्यावर केसाहून बारीक सुया, दुखत नाही. न दुखणारी सुई? कुठेतरी पाणी मुरतंय.
तरी पट्ट्या घेतल्या. मे महिन्यात यशश्रीचं लग्न. एकुलती पोर. हातावर हे पांढरे पापुद्रे घेऊन व्याह्यांसमोर कन्यादानाला बसणार नाही. हात स्वच्छ हवेत म्हणजे हवेत.

५ एप्रिल
चार पट्ट्या, आठवड्याला एक. विनता म्हणाली, लावून टाका चुपचाप. बायकोला काय माहीत! सगळी नोकरी खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत माल तपासायला, इन्स्पेक्शनला काढली. नमुना फोडून पाहिल्याशिवाय लॉट पास केला नाही.
एक पट्टी पाण्यात टाकली. थोड्या वेळानं भिंगातून पाहिलं. सुया गायब. फसवणूक सिद्ध.
विनता म्हणाली, अहो, त्या अंगात विरघळायलाच केल्या आहेत, पाकिटावर लिहिलंय. पाकिटावर कंपनी काहीही लिहील.

१२ एप्रिल
दुसरी पट्टी दुपारभर गच्चीवर. हीट टेस्ट. पापड झाला. फेल.

१९ एप्रिल
तिसरी पेरूला लावली. पेरूत काहीही फरक नाही. विनतानं विचारलं, पेरूला सोरायसिस होता काय.

२६ एप्रिल, सकाळी
शेवटची स्वतःला लावली. अजिबात दुखलं नाही, म्हणजे आत औषधच नाही. लगेच उचकटून पाहिली. परत चिकटेना. गोंदसुद्धा हलका.

३ मे
डॉक्टरीणबाईंना कळवलं, माल रिजेक्ट. त्यांनी विचारलं, एकतरी पूर्ण वेळ ठेवली का. अभ्यासातून नाव काढलं. म्हणाल्या, इंजेक्शन तरी घ्या. नर्स ट्रे घेऊन आली तेव्हा स्कूटर चुकीच्या जागी लावल्याचं आठवलं. घरी आलो.

२० मे
लग्न लागलं. पापुद्रे आता बोटांपर्यंत. कन्यादानाआधी सांगितलं, हॉलच्या गॅस सिलिंडरचा भरवसा नाही, मला तिकडे थांबावं लागेल. पाटावर विनताचा भाऊ नीलकंठ अन् वहिनी बसले. सुरक्षेचं महत्त्व कोणालाच नाही.

२८ मे
यशश्रीचा फोन. म्हणाली, कन्यादानाच्या वेळी मी सारखी तुम्हालाच शोधून राहिली होती, बाबा, तुम्ही काहून नाही आलात? हातामुळे का? मी सिलिंडरचं सांगितलं. ती म्हणाली, सासूबाईंनाही सोरायसिस आहे. त्याच हातांनी त्यांनी सगळ्यांसमोर मला मंगळसूत्र सारखं करून दिलं.
फोन ठेवला. फार वाईट वाटलं. या वेळी कोणावर संशय घ्यावा, ते सुचलं नाही.