ओतायचं राहिलेलं पाणी

सोलापूर,
मंगळवार, १६ सप्टेंबर

ती. मुक्तावन्सं यांना शालनचा नमस्कार.

आईंचं तेरावं करून तुम्ही मैंदर्गीला गेलात, तेव्हापासून फोनवर बोलणं होतं, पण नीट असं नाही. म्हणून लिहिते. शेजारचा गुरू टेम्पो घेऊन तिकडे निघालाय, त्याच्याकडे देते. गुडघा कसा आहे? नळ अजून पाचव्या दिवशीच येतो. पिंकीला थोडा ताप आहे.

घर आईंच्याच पद्धतीने चालवते. तांदळाचं धुवण भांड्यांना, कपड्यांचं शेवटचं पाणी फरशीला, फरशीचं संडासला. परवा चुकून कपड्यांचं पाणी सोडून दिलं, तर कानात आवाज आला, "आगं, मोरीला तहान लागली व्हती व्हय?" आता तसं बोलणारं कोणी नाही.

थोडा ताप लिहिलं, ते खरं नाही. शुक्रवारपासून ताप आहे आणि कालपासून पिंकी दवाखान्यात ॲडमिट आहे. डेंग्यू म्हणाले. प्लेटलेट काल नव्वद हजार होत्या, आज सकाळी बासष्ट. तुमचे भाऊ तिच्याजवळ बसलेत. ते तुम्हाला फोन लावत होते, मीच म्हणाले, वन्संना मी कळवते.

वन्सं, मला भीती वाटते. डॉक्टर बोलायला लागले की त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

आई गेल्या त्या दिवशी तुम्ही आल्या आल्या मला विचारलं होतं, "शालन, घरातलं भरलेलं पाणी ओतलं का समदं?" मी म्हणाले, "व्हय." घरात माणूस गेलं की आपल्यात भरलेलं पाणी ठेवत नाहीत, हे मला माहीत होतं. हंडे, कळशी, माठ मी अंगणात ओतले. न्हाणीमागचा निळा ड्रम ओतला नाही. त्याच्यावर गोधडी टाकली.

नळाला अजून पाच दिवस होते, घरात तीस माणसं. एवढं पाणी कसं ओतायचं, असं मनाला सांगितलं. पण वाचवायला ठेवलं असतं तर वापरलं असतं ना? दहाव्याला तुम्ही दुखत्या गुडघ्याने शेजारच्या बोअरवरून बादल्या आणल्यात आणि मी बघत राहिले. ड्रममधला एक तांब्यासुद्धा घेतला नाही.

तो ड्रम आईंनी त्या सकाळी भरला होता. मी म्हणाले, "राहू द्या, मी भरते." तर म्हणाल्या, "तू तुज्या भाकरी बघ की." पाइपाच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं बांधून काठोकाठ भरला आणि तिथंच पायरीवर बसल्या. पुढचं तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या हातचं ते शेवटचं पाणी. मला ओतवलं नाही.

आज सकाळी आरोग्य खात्याच्या आशाताई डासांच्या पाहणीला आल्या. गोधडी एका बाजूने घसरली होती. त्यांनी ती उचलून आत बॅटरी मारली आणि म्हणाल्या, "ताई, इकडं या." पाण्यात अळ्या वळवळत होत्या. ड्रम दर आठवड्याला रिकामा करून घासायचा, हे आईंनी कधी चुकवलं नाही. मी चोवीस दिवस त्याच्याकडे बघितलंही नाही.

डॉक्टर म्हणतात, डास कुठलाही असेल. पण तुमच्या सांगण्याने बघितलं काय किंवा आशाताईंच्या, पाणी ओतायला हवं होतं आणि मी ओतलं नाही. घरात हे अजून कोणाला माहीत नाही.

"लगेच ओतते" असं आशाताईंना म्हणाले, त्याला तास झाला. तुम्हाला खरं लिहिल्याशिवाय हात उठेना. आता हे गुरूकडे देते आणि ओतते. मोरीत नाही, आईंच्या कढीपत्त्यापाशी, कोरड्या मातीवर. मग कपडे घेऊन दवाखान्यात जाते.

तुम्ही या. रागवायचं ते येऊन रागवा, मी ऐकून घेईन. पण आधी पिंकीजवळ जा. तिने दोनदा विचारलं, "आत्या कधी येणार?"

उद्या नळाचा दिवस आहे. ड्रम घासून पालथा घालते. एकटीच्याने भरवणार नाही.

तुमच्याशी खोटं बोललेली,
शालन